सात महिने, चौविहार आणि हिवाळ्यातला सूर्यास्त

डिसेंबरातली संध्याकाळ. पाच बावन्नला मी शाखेच्या स्टोअर रूममध्ये, जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर डबा ठेवून उभ्यानं जेवत होते. दीड पोळी झाली आणि साहेबांची हाक आली. परत आले तेव्हा सूर्यास्त होऊन गेला होता. उरलेली अर्धी पोळी आणि दुधीची भाजी तशीच घरी आली. त्या दिवशी ठरवलं, सूर्यास्ताआधीच जेवायच्या या जैन आहाराबद्दल एकदा सविस्तर लिहायचं, कारण कौतुक सगळे सांगतात, पण पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आत मावळतो हे कुणी सांगत नाही.

मी जैन नाही. शेजारच्या काकू आहेत. आषाढात त्यांचा चातुर्मास सुरू झाला, तेव्हा मीही कंदमूळ सोडलं आणि चौविहार धरला, म्हणजे सूर्यास्तानंतर जेवण बंद, पाणीही बंद. वजन होतं ७६.८ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के. त्याआधी एका डाएट क्लिनिकमध्ये सोळा हजार भरले होते. पावडरीचे डबे दोन महिन्यांत नकोसे झाले, आणि उरलेले पैसे परत देणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याची चीड अजून आहे. एक रुपया न मागणारी गोष्ट करून बघू, एवढाच विचार होता.

काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "वजनासाठी करतेस ना? मग पच्चक्खाण घेऊ नकोस. लवकर जेव आणि ओटा आवर. पच्चक्खाण जिवांसाठी असतं." पच्चक्खाण म्हणजे त्यागाची विधिवत प्रतिज्ञा. तेव्हा थोडं लागलं. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. कांद्याबटाट्यात अनंत जीव मानणं, अंधारात अन्नात जीव पडू नये म्हणून न जेवणं, ही त्यांची अहिंसा आहे. माझ्या वजनकाट्याशी तिचा संबंध नाही.

जुलैत सगळं सोपं गेलं. सूर्यास्त सव्वासातला, मी साडेसहाला घरी. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटका, ४८ मिनिटं, थांबून चहा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ७२.९ झाले. बटाटा सोडल्यामुळे उतरलं, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले होते.

ते चुकीचं होतं. ऑक्टोबरात काटा तीन आठवडे ७३ वरून हलेना, तेव्हा खाल्लेलं सगळं वहीत लिहायला घेतलं. दुपारी चारला कच्च्या केळ्याचे वेफर्स, मेथीचा खाकरा, त्यावर तूप, शनिवारी जैन भेळ. पुडीवर 'जैन' लिहिलंय म्हणून मी बिनधास्त खात होते. केळं झालं तरी तेलात तळलेलं ते तळलेलंच. गाजर, मुळा, बीट मात्र बंद, आणि चातुर्मासात काकूंच्या जोडीनं पालेभाजीही बंद, त्यामुळे पोट साफ होईना. चांगलं सोडलं आणि तळलेलं ठेवलं होतं.

मग वजन उतरलं कशानं? रात्री साडेनऊचा चहा-खारी, टीव्हीसमोरचा चिवडा, पातेल्यात उरलाय म्हणून संपवलेला भात, हे सगळं गेलं होतं. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांच्या वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यातही हेच दिसलं. नुसतं कमी खाणारे आणि ठरावीक वेळेतच कमी खाणारे, दोघांच्या वजनात फारसा फरक नव्हता. माझ्यापुरतं म्हणाल तर बंद झालेला ओटा कमी खायला लावतो. रोज मनाशी भांडावं लागत नाही.

आता सूर्यास्त. देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, मिळालेलं वेळापत्रकाचं कार्ड फ्रिजवर लावलंय. दिवाळीनंतर त्याच्याकडे बघून मला धडकी भरायची. ऑफिस सव्वासहाला सुटतं, म्हणजे जेवण ऑफिसात, तेही थंड आणि घाईत. चौविहारात पाणीही नाही. गाडीवरून घरी पोचेपर्यंत डोकं ठणकायचं. पंधरा दिवस हट्टानं काढले, मग काकूंनीच विचारलं, "तिविहार का करत नाहीस?" तिविहारात रात्री पाणी चालतं. नवकारशी, तिविहार, चौविहार, बियासणं (दिवसात दोनदाच बसून जेवणं), एकासणं (एकदाच), आयंबील, इतक्या पायऱ्या आहेत आणि ज्याला जी झेपेल ती त्यानं घ्यायची. क्लिनिकमध्ये सगळ्यांना एकच छापील कागद मिळाला होता. पाणी सुरू केल्यावर डोकेदुखी थांबली.

आयंबील आश्विनातल्या ओळीत, म्हणजे आयंबिलाच्या नऊ दिवसांत, एकच दिवस केलं. तेल, तूप, दूध, दही, गूळ काही नाही, भाजी-फळं नाहीत. एका बैठकीत उकडलेले मूग, मीठ-मिरी आणि कोरडी भाकरी. काकू नऊ दिवस शांतपणे करतात. वजनासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी मी दुप्पट जेवले. आणि साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय संध्याकाळचं जेवणसुद्धा पुढेमागे करू नका. रात्री साखर उतरली तर जिवावर बेतेल.

आज वजन ७०.९, साखर ५.८. गाजर आणि पालक रोज खाते, बटाटा आठवड्यातून एकदा, वेफर्स घरात आणत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्यास्त सोडून साडेसातची वेळ धरली, काकूंना तसं सांगूनच. कार्डावर आता फेब्रुवारीची ओळ आहे, सहा पस्तीस. कालपासून साहेबांकडून अर्धा तास लवकर निघायची परवानगी घेतलीय, डबा पुन्हा एकच नेते, आणि संध्याकाळची पोळी घरच्या तव्यावरून गरम खाते.