गुलाबी कागदाच्या तिकिटात माझे ६४० डॉलर गेले, ते कसे

गेल्या मार्चमध्ये मी काडेपेटीच्या कराचं एक जुनं अमेरिकन तिकीट ६४० डॉलरला घेतलं. ते खोटं निघालं आणि पैसे परत मिळाले नाहीत. इथे अमेरिकेत राहणारे आपले काही लोक हल्ली या तिकिटांकडे वळू लागलेत. त्यांच्यापैकी कुणाची अशी पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझे बाबा अंबरनाथच्या विमकोत, म्हणजे काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. काडेपेटीचे छाप जमवायचा नाद तेव्हापासूनचा. बोस्टनच्या बाजूला राहायला आल्यावर एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काळ्या शाईतलं, अर्धवट फाटलेलं, एक सेंटाचं तिकीट हाती लागलं. वर काड्यांच्या कारखान्याचं नाव. पोस्टाचं नव्हे, कराचं. त्या दिवसापासून मी यात आहे.

यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकन सरकारने १८६२ साली हा कर बसवला. तयार औषधं, अत्तरं आणि खेळायचे पत्ते यांवर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून, काड्यांवर सप्टेंबर १८६४ पासून. शंभर काड्यांमागे एक सेंट. औषधाची किंमत पंचवीस सेंटांपर्यंत असेल तर एक सेंट, डॉलरची बाटली असेल तर चार. कर भरल्याची खूण म्हणून पेटीवर किंवा बाटलीवर तेवढ्याचं तिकीट चिकटवायचं. कारखानदाराने स्वतःच्या खर्चाने तिकिटाचा स्वतःचा ठसा कोरून घेतला, तर मोठ्या खरेदीवर सरकार त्याला सूट देई. शिवाय प्रत्येक पेटीवर त्याचं नाव झळके. त्यामुळे शेकडो तऱ्हेची तिकिटं निघाली, आणि कोरीवकाम असं की भिंगाखाली तासन् तास बघत बसावं. बोस्टनजवळच्या लोवेलचे औषधवाले डॉ. एअर, त्यांचं सार्सापरिला नावाचं औषध तेव्हा घरोघरी असे. त्या औषधाची तिकिटं माझ्याकडे आहेत, आणि कामावर जाताना माझी गाडी डॉ. एअर यांच्याच नावाच्या एअर गावातून जाते. जुलै १८८३ मध्ये हा कर उठला.

आता कागदाबद्दल, कारण माझे पैसे कागदातच बुडाले. एकच ठसा वीस वर्षांत चार तऱ्हेच्या कागदांवर छापला गेलेला असू शकतो. आधी साधा जुना कागद. १८७१ पासून रेशमी, म्हणजे ज्यात रेशमाचे बारीक तंतू विखुरलेले दिसतात तो. मग १८७७-७८ च्या सुमाराला थोडाच काळ गुलाबी. त्यानंतर शेवटपर्यंत ‘यूएसआयआर’ (अमेरिकन कर खात्याची आद्याक्षरं) अशा दुहेरी रेघांच्या अक्षरांचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण असलेला. चित्र तेच, शाई तीच, पण एका कागदावर ते पाच डॉलरला मिळतं आणि दुसऱ्या कागदावर कित्येक शे डॉलर मोजावे लागतात. मी चार वर्षं शोधत होते ते एका काड्यांच्या कारखान्याचं गुलाबी कागदावरचं तिकीट.

विक्रेता ऑनलाइन भेटला. आजोबांचा संग्रह मोडतोय म्हणाला. आजोबांची वही, त्यांचं अक्षर, सगळ्याचे फोटो पाठवले. पुढचे तीन आठवडे आम्ही एकमेकांना लिहीत होतो. माझ्या बाबांबद्दल त्याने दोनदा आपणहून विचारलं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं, हे इथे लिहायलाच हवं. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. बाजारभावापेक्षा जेमतेम थोडी खाली. सोबत तिकीट अस्सल असल्याच्या, एका तज्ज्ञ संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत होती. पैसे मात्र नातेवाइकांना पाठवतात त्या मार्गाने पाठवा, म्हणजे दोघांचीही फी वाचेल, असं त्याने सुचवलं आणि मी तसे पाठवले.

तिकीट आलं ते प्लास्टिकच्या बंद पाकिटात. वर चिठ्ठी: पाकीट उघडल्यास परतीची हमी रद्द. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. महाग वस्तू, हाताळू नये म्हणत असतील. सात आठवडे मी ते तसंच बघत बसले. रंग सुंदर होता.

मे महिन्यात आमच्या तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या एका वयस्कर गृहस्थांना ते दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, मग विचारलं, ‘हे बंद का ठेवलंय?’ एवढंच. त्या रात्री मी पाकीट कापलं. काळ्या तबकडीत तिकीट पालथं ठेवून वॉटरमार्क बघायचा द्रव त्यावर सोडला. या द्रवाने शाई हलत नाही, काही क्षणांत तो उडून जातो आणि तेवढ्यात कागदातलं सगळं दिसतं. डाव्या कडेला दोन समांतर उभ्या रेघा उमटल्या. वॉटरमार्कच्या अक्षराचा पाय. म्हणजे हे १८७८ नंतरचं साधं, स्वस्त तिकीट, कुणीतरी रंगवलेलं. मग बाकीचंही दिसलं. मागे जिथे कागद विरळ झाला होता तिथे गुलाबी गडद, तिकिटाच्या कडेच्या दात्यांच्या टोकांना आणखी गडद. कागद मुळातच रंगीत असेल तर रंग सगळीकडे सारखा असतो. तो असा कोपऱ्यांत साचत नाही.

मग प्रमाणपत्र. अशा संस्थांपैकी काहींच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की मूळ प्रमाणपत्राचा फोटो दिसतो. मी हे पैसे पाठवण्याआधी करायला हवं होतं. क्रमांक खरा, प्रमाणपत्रही खरं, पण तिकीट दुसरंच. मला पाठवलेल्या प्रतीत फोटो काळपट आणि धूसर होता. मूळ फोटोत उजवा खालचा कोपरा फाटून पुन्हा जोडलेला स्पष्ट दिसत होता. माझ्या तिकिटाचा तो कोपरा शाबूत.

इथे या तिकिटांची एक गोष्ट नीट समजून घ्या. ती पेटीच्या किंवा बाटलीच्या झाकणावरून अशी चिकटवत की उघडताना ती फाटलीच पाहिजेत, म्हणजे पुन्हा वापरता येणार नाहीत. म्हणून उरलेली बहुतेक तिकिटं जखमी आहेत. कुठे चीर, कुठे कागद विरळ, कुठे दाता गेलेला. पोस्टाची तिकिटं जमवून इकडे आलेला माणूस हे दोष बघून नाक मुरडतो आणि स्वच्छ प्रतीच्या मागे लागतो. मीही तेच केलं. पण प्रत्येक चीर वेगळी असते आणि तीच त्या तिकिटाची ओळख. फोटोतली चीर आणि हातातली चीर जुळली नाही तर बाकी काहीही जुळून उपयोग नाही.

पैसे पाठवणाऱ्या कंपनीने हात वर केले, कारण त्या मार्गाने पाठवलेल्या रकमेला खरेदीचं संरक्षण नसतं. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही आणि पुढच्या आठवड्यात त्याचं खातंच दिसेनासं झालं. माल टपालाने आला होता, म्हणून टपाल खात्याच्या तपास विभागाकडे तक्रार केली आहे. त्या गृहस्थांनी सांगितल्यावरून तिकीटही तज्ज्ञांकडे पाठवलं. रंग नंतर दिलेला आहे, असं लेखी आलं. त्याचे वेगळे पैसे पडले, पण तक्रारीला तो कागद जोडता आला.

हे लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात पाहिलेल्या एका फोटोमुळे. दुसरं नाव, दुसरे आजोबा, पण प्रमाणपत्र तेच, सोबत आणखी एक गुलाबी तिकीट, बंद पाकिटात. मूळ प्रमाणपत्रावरच्या तिकिटाचा उजवा खालचा कोपरा जोडलेला आहे आणि वरच्या कडेचा डावीकडून तिसरा दाता नाही. तुम्हाला कुणी ते दाखवलं, तर आधी तो दाता शोधा.