कोर्टाची पायरी न चढता बदललेला ट्रस्ट: फेअरफॅक्समधल्या एका लॉ ऑफिसचा अनुभव

आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो. ह्यांनी 2004 मध्ये आयुर्विम्यासाठी इररिव्होकेबल, म्हणजे करणाऱ्याला नंतर मागे घेता न येणारा, ट्रस्ट केला, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. ऑटिझमचं निदान पुढे दीड वर्षाने झालं. कागदात लिहिलेलं तसंच राहिलं: पंचविसाव्या वर्षी निम्मी रक्कम मुलाच्या हातात, उरलेली तिसाव्या वर्षी. ट्रस्टी माझे दीर.

हे गेल्यावर विम्याचे पैसे ट्रस्टमध्ये आले. मुलगा चोवीस पूर्ण करत आला आणि माझी झोप उडाली. एसएसआय, म्हणजे अपंग आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत. ती मिळणाऱ्या एकट्या माणसाच्या नावावर 2000 डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. एसएसआयपेक्षा मोठी धास्ती मेडिकेड वेव्हरची होती, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतून घरीच मिळणाऱ्या मदतीची. कित्येक वर्षं यादीत थांबून तो मिळाला होता. त्याचा दिवसभराचा कार्यक्रम आणि सोबतीला येणारी बाई, सगळं त्यावरच चालतं.

आधी ज्या वकिलाकडे गेले, त्यांनी 'इररिव्होकेबल म्हणजे इररिव्होकेबल, कोर्टात अर्ज करा' एवढंच सांगितलं. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर गार्डियनशिपसाठी, म्हणजे त्याचं कायदेशीर पालकत्व घ्यायला, आम्ही सर्किट कोर्टात उभे राहिलो होतो. त्याच्यासाठी वेगळा वकील नेमला गेला होता आणि त्याला काय येत नाही हे त्याच्यादेखत मोठ्याने वाचलं गेलं होतं. ते मला पुन्हा नको होतं.

म्हणून फेअरफॅक्समधल्या या लॉ ऑफिसची पहिली भेट माझ्या लक्षात राहिली. वकीलबाईंनी दोन वाटा समजावल्या. पहिली, सगळ्या संबंधितांनी सह्या करून करार करायचा. तो कोर्टाबाहेर होतो, पण ट्रस्टच्या मूळ हेतूला धक्का लावता येत नाही. शिवाय मुलाच्या वतीने मी सही करून त्याचा हक्क सोडला, तर 'त्याने स्वतःचेच पैसे बाजूला ठेवले' असा अर्थ लावला जाऊन मदत अडण्याची भीती. दुसरी वाट डिकँटिंगची: ट्रस्टी स्वतःच्या अधिकारात जुन्या ट्रस्टमधली मालमत्ता नव्या ट्रस्टमध्ये ओततो; नव्यात पैसे मुलाच्या हातात न देता ट्रस्टीच त्याच्यासाठी खर्च करतो. तूप कढवल्यावर आपण वरचं तूप दुसऱ्या बरणीत काढतो आणि बेरी मागे राहते, मला ते तसंच कळलं. न्यूयॉर्कने असा कायदा 1992 मध्येच केला होता. व्हर्जिनियातला सध्याचा कायदा 2017 पासूनचा आहे आणि त्यात अपंग लाभार्थीसाठी वेगळी तरतूद आहे. जुन्या ट्रस्टलाही तो लागू होतो. फक्त हे सगळं पंचविसावा वाढदिवस यायच्या आत उरकायला हवं होतं.

भाऊजींना त्यांनी व्हिडिओ कॉलवर तासभर दिला. 'वहिनी, दादाच्या इच्छेविरुद्ध तर होत नाही ना?' हा त्यांचा एकच प्रश्न होता. बाईंनी घाई केली नाही. मुलाचा आधार टिकवणं हाच ह्यांचा हेतू होता, हे त्यांनी जुन्या कागदातल्याच वाक्यावर बोट ठेवून दाखवलं.

मग जुना आणि नवा, दोन्ही ट्रस्टचे कागद जोडून संबंधितांना नोटीस गेली. मुदत 60 दिवसांची. धाकटी मुलगी सज्ञान आहे, तिने मुदत माफ करण्याच्या कागदावर त्याच संध्याकाळी सही केली. मुलाच्या बाबतीत मात्र बाईंनी पूर्ण 60 दिवस थांबायला लावलं. तेव्हा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांचं बरोबर होतं. धाकटीच्या वाट्याला कुठेही हात लावलेला नाही. मुलाच्या माघारी जे उरेल ते तिला जाईल. पैसे बापाचे, मुलाचे स्वतःचे नाहीत, म्हणून मेडिकेडला परतफेड करावी लागत नाही.

तक्रार एक आहे. दोन मसुद्यांत मुलाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि फोन केल्यावर दुरुस्तीला आठवडा गेला. अशा कागदात एका अक्षराने बँक अडवते. फी साडेसहा हजार डॉलर, ठरलेली. फोनचे वेगळे पैसे लावले नाहीत. स्वस्त नाही, पण माझ्या दृष्टीने वाजवी.

शेवटी भाऊजींसाठी दोन पानी टिपण मिळालं, ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं. मुलाच्या हातात रोख द्यायची नाही, दुकानाला किंवा संस्थेला थेट द्यायची. घरभाडं भरलं तर एसएसआय कमी होतो. किराणा भरल्याने मात्र 30 सप्टेंबर 2024 पासून होत नाही.

तुमचं राज्य वेगळं असेल तर नियमही वेगळे असतील, तेव्हा तिथल्याच वकिलाला विचारा, आणि मुलाचा वाढदिवस जवळ यायच्या आधी विचारा. आमच्या सह्या वाढदिवसाच्या एकोणीस दिवस आधी झाल्या. नव्या खात्यातून पहिला चेक पोहण्याच्या क्लासला गेला.