रायडर बॅक कॅट आणि जवळून करायचे प्रयोग: एक पावसाळा नि एक लग्नसराई काढल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. बायसिकल या अमेरिकी छापाचा रायडर बॅक हा पत्त्यांचा कॅट हाताला उत्तम आहे, पण आपल्या हवेत आणि आपल्या बैठकीत त्याच्या एकट्याच्या जिवावर पत्त्यांच्या जादूचे प्रयोग होत नाहीत. मार्चमध्ये एक लाल आणि एक निळा असे दोन घेतले. उन्हाळ्यातल्या मुंजी, डोंबिवलीचा पावसाळा, कोकणातले गणपती आणि दिवाळीनंतरची लग्नं, सगळीकडे तेच खिशात होते. हातभर अंतरावर बसलेल्या माणसांना दाखवायचे माझे जे प्रयोग आहेत, त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले सोडायचे हे बरंचसं या कॅटनेच ठरवलं. म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो. गुपितं फोडणार नाही. करणाऱ्यांना नावं पुरेशी आहेत.

कोऱ्या कॅटचं सुख आधी सांगायला हवं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा साधा कोटेड कॅट गुळगुळीत असतो. नवा असताना तो घसरतो आणि दोन-चार बैठकांत घाम लागला की तीन-तीन, चार-चार पत्ते एकमेकांना धरून सरकतात. रायडर बॅकच्या कागदावर बारीक खळगे दाबलेले असतात. त्यांत हवा राहते, म्हणून पत्त्यावरून पत्ता सारख्या ओढीने जातो. पत्त्यांचा पंखा उलगडला की कडा एकसारख्या पडतात. दोन पत्ते एकाच्या नावाने उचलायचे, म्हणजे डबल लिफ्ट, तर ते एकजीव राहतात. पत्ता दोन पदरी असतो आणि मधल्या गोंदात काळा रंग असल्यामुळे दिव्यासमोर धरला तरी पलीकडचं दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात याच दोन पदरांत नकाशे दडवून खास कॅट जर्मनांच्या कैदेतल्या सैनिकांना पाठवले होते. पत्ता भिजवला की पदर सुटायचे आणि नकाशा हाती यायचा.

ही गोष्ट ऐकायला झकास वाटते, पण पावसाळ्यात तिची दुसरी बाजू कळते. कागद दमट हवा पितो. जुलैत लाल कॅट बाहेर काढला तर त्याला कमान आली होती, गठ्ठा टेबलावर ठेवला की मध्ये पोकळी. पंखा उलगडताना पत्ते अडखळत होते आणि फॅरो तर विसराच. फॅरो म्हणजे कॅट बरोबर २६-२६ काटून एकाआड एक पत्ता गुंफायचा. वरचा पत्ता वरच ठेवून असं आठ वेळा बिनचूक केलं तर ५२ पत्ते मूळ क्रमाला परत येतात. मे महिन्यात हे लोण्यासारखं होत होतं. जुलैत एकही जोड बसेना. कोपरे फुगले की गुंफण अर्ध्यातच थांबते आणि मग तुम्ही समोरच्याकडे बघून उगाच हसता.

उपाय साधे आहेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅट ठेवायचा, वर एखादं जड पुस्तक. खोक्यावर चढवायची धातूची क्लिप मिळते, ती घेतली तर उत्तम. शर्टाच्या खिशात कॅट ठेवून लोकलने जायचं नाही, घामाने दिवसभरात वाट लागते. कुणीतरी हमखास कॅरमची पावडर सुचवेल. नको. ती खरखरीत असते, खळग्यांत बसते आणि दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात. जादूगार पत्त्यांना लावतात ती पावडर झिंक स्टिअरेटची, आणि तीही जुन्या कॅटवर चिमूटभरच.

पावसाळ्यापुरता शंभर टक्के प्लास्टिकचा कॅटही वापरून पाहिला. ओला झाला तर पुसता येतो, हाच त्याचा एकमेव गुण. वाकवला की उसळी मारून सरळ होतो, कडा बोटांतून निसटतात आणि सही करायला मार्कर दिला तर अंगठा फिरताच सही गायब. आपल्याकडचे बरेच कॅट ब्रिज आकाराचे, म्हणजे ५७ मिलिमीटर रुंद असतात. रायडर बॅक ६३.५ मिलिमीटरचा. लहान हाताच्या माणसाला पत्ता तळव्यात लपवायला ब्रिजच सोपा जातो. माझ्या बायकोचा हात माझ्यापेक्षा लहान आहे आणि ती साध्या कॅटने माझ्याहून सफाईने पामिंग करते.

आता पाहुण्यांची बाजू. रायडर बॅकची सायकलवाल्या देवदूतांची पाठ १८८७ पासून चालत आली आहे. अमेरिकेत ती ओळखीची, घरोघरची. तिथे जादूगाराने हा कॅट काढला तर कुणाच्या डोक्यात काही येत नाही. तिकडच्या सगळ्या शिकवण्या त्याचीच शिफारस करतात त्याचं अर्धं कारण हे आहे. आपल्याकडे नेमकं उलट. खोकं बाहेर काढलं की पहिला प्रश्न, "हा जादूचा कॅट ना?" मग पाच मिनिटं पत्ते उलटसुलट करून बघण्यात जातात. यावर मी काढलेला तोडगा असा की सुरुवात घरातल्या कॅटने करायची. प्रत्येक घरात एक कॅट असतोच, आणि त्यात हरवलेल्या पत्त्याच्या जागी जोकरवर बॉलपेनने लिहिलेली "किलवर छक्की" असते. तो जोकर दिसला की बैठक मोकळी होते. या कॅटशी मला काही करता येणार नाही, हे सगळ्यांना एकदम पटतं.

घरातल्या कॅटवर चालणारा प्रयोग म्हणजे पॉल करी यांचा 'आउट ऑफ धिस वर्ल्ड', १९४२ सालचा. पाहुण्याने पालथे पत्ते एकेक करून, निव्वळ मनाला वाटेल तसे, लाल आणि काळे म्हणून दोन रांगांत लावायचे. शेवटी उताणे केले की लाल एकीकडे, काळे एकीकडे. गणपतीत कणकवलीजवळच्या एका घरी, रात्र जागवायला पत्त्यांचे डाव पडले होते तिथे, हा प्रयोग घरच्या आजींकडून करवून घेतला. प्रत्येक पत्ता छातीशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि मग "तांबडो" नाहीतर "काळो" म्हणून ठेवायच्या. मध्येच एका पत्त्यावर मत बदलून त्यांनी तो या रांगेतून त्या रांगेत सरकवला. असं झालं तर काय करायचं हे करणाऱ्याला आधीच ठाऊक हवं, नाहीतर प्रयोग तिथेच संपतो. रांगा उलगडल्या तेव्हा सगळे ओरडले. आजी शांतपणे म्हणाल्या, "माका म्हायत होता." या प्रयोगात श्रेय पाहुण्याला जातं आणि म्हणून पुढचे दोन दिवस घरात त्यांचीच चर्चा होती, माझी नाही. वेळ मात्र फार खातो. लग्नाच्या हॉलमध्ये, जेवणाची पंगत बोलवत असताना, हा करूच नका.

एकवीस पत्त्यांचा प्रयोग प्रत्येकाच्या काकांनी केलेला असतो. तीन ढीग, तीन वेळा वाटणं, अकरावा पत्ता. तुम्ही वाटायला लागताच कुणीतरी "हे मला येतं" म्हणतंच. म्हणा, येऊ द्या. मग २७ पत्ते घ्या आणि त्याच माणसाला १ ते २७ मधला आकडा विचारा. त्याने मनात धरलेला पत्ता बरोबर त्याच क्रमांकावर येतो. फ्रेंच गणिती जेर्गोन यांच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. ढीग वर, मध्ये की खाली ठेवायचा याचे तीन पर्याय, तीन वेळा, म्हणजे २७ जागा. वाटता वाटता १, ३, ९ च्या पटींत हिशेब करावा लागतो आणि गप्पाही मारायच्या असतात, हीच काय ती अडचण. काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ॲम्बिशस कार्ड माझा आवडता. सही केलेला पत्ता मध्ये घाला, वर येतो. पुन्हा घाला, पुन्हा वर. एखादा प्रयोग तीनदा पाहिला तर तो कसा केला ते सांगतो, अशी प्रसिद्ध जादूगार हुडिनीची घमेंड होती. १९२२ साली शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी त्याच्याच सहीच्या पत्त्याने हे पुन्हा पुन्हा करून दाखवलं आणि त्याला काही सांगता आलं नाही. इथे रायडर बॅक आपली किंमत वसूल करतो. कागदावर मार्कर पक्का बसतो आणि डबल लिफ्ट अगदी नाकासमोर करता येते. अडचण वेगळीच येते. आपली माणसं पत्त्यावर लिहायला कचरतात. "अहो खराब होईल की, महागाचा दिसतोय." दोनदा आग्रह करावा लागतो. मी आता मुलांच्या हाती मार्कर देतो, त्यांना असला संकोच नसतो. देवनागरीत नाव लिहिलेला पत्ता मुलं घरी घेऊन जातात, म्हणजे प्रत्येक वेळी एक पत्ता गेला. म्हणून एकाच पाठीचे दोन कॅट असू द्या, एकातले पत्ते दुसऱ्याला पुरवता येतात.

ट्रायम्फ, म्हणजे अर्धे उताणे अर्धे पालथे पिसून सगळे सरळ करण्याचा व्हर्नन यांचाच प्रयोग, मी जवळजवळ सोडला. रिफल करून, म्हणजे दोन गठ्ठ्यांच्या कडा अंगठ्यांनी फडफडवत, पत्ते गुंफताना पाहिलं की ज्येष्ठ मंडळींना तीनपत्तीचा अड्डा आठवतो आणि बोटांकडे नजर खिळते. आपल्याकडे पिसणं म्हणजे ओव्हरहँड, गठ्ठ्यातून गठ्ठा काढून टाकणं. बायर आणि डायकॉनिस या गणितींनी १९९२ मध्ये दाखवलं की कॅट नीट मिसळायला साधारण सात रिफल पुरतात. ओव्हरहँडने तेवढ्यात फार थोडं मिसळतं, शेजारचे पत्ते बहुतेक शेजारीच राहतात. "मी पिसतो, द्या इकडे" म्हणणाऱ्या मेहुण्याला खुशाल पिसू द्या. खुणेच्या पत्त्यावर, म्हणजे शेजारच्या ओळखीच्या पत्त्यावरून निवडलेला पत्ता शोधण्यावर, चालणारे प्रयोग सहसा तरून जातात.

सतरंजीवर सगळ्यात रंगतो तो नॉर्मन गिलब्रेथ यांच्या १९५८ च्या तत्त्वावरचा लाल-काळ्या जोड्यांचा प्रयोग, पिसल्यावरही प्रत्येक जोडीत एक लाल नि एक काळा निघतो. त्याला खरं तर पाहुण्याकडून एक रिफल हवं आणि ते इथे कुणाला येत नाही. स्वीडनच्या लेनार्ट ग्रीन यांचा रोझेट इथे कामी आला. दोन गठ्ठे बोटाने फिरवून फुलासारखे उमलवायचे आणि एकमेकांत ढकलायचे. तत्त्वाला तेवढं पुरतं. पोरं हे काम हौसेने करतात. सतरंजी खरखरीत असेल तर वर जाडसर चादर घाला, पत्ते अलगद उचलता येतात.

काचेच्या टीपॉयपासून मात्र लांब राहा. काचेवरून पत्ता उचलता येत नाही ते वेगळंच, पण गठ्ठा उचलला की खालच्या पत्त्याचं प्रतिबिंब काचेत लख्ख दिसतं. समोर बसलेल्याला तुमच्या आधी तुमचा पत्ता कळतो. लग्नातल्या पाहुण्यांच्या खोलीत हमखास हाच टीपॉय असतो. मी आता घडी करून नेता येईल असा पातळ रबरी मॅट सोबत ठेवतो. दुसरा वैरी सीलिंग फॅन. ऑक्टोबरात पंखा बंद करा म्हणणाऱ्याला कुणी माफ करत नाही, आणि पाचवर असलेला पंखा उलगडलेली रांग उडवतो. रांग पंख्याच्या बरोबर खाली न लावता भिंतीकडे लावायची. उभ्याने हातातल्या हातात होणारे प्रयोग वेगळे ठेवायचे. मुलं मागे येऊन बसतात तेव्हा तर पाठीला भिंत हवीच.

खरेदीचं म्हणाल तर मला एक कॅट पाचशेच्या आसपास पडला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या तिसऱ्या कॅटचं छापकाम फिकट आणि पाठीची पांढरी चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक निघाली. परत पाठवला. आल्याबरोबर चौकट तपासा, कारण ती सरकलेली असेल तर फिरवलेला पत्ता लांबूनही ओळखू येतो. याच कंपनीच्या बी कॅटला पाठीवर चौकटच नाही. तो जुगाराच्या टेबलावरचे डाव दाखवायला छान, पण पालथ्या पत्त्यांत एक उताणा पत्ता लपवायचा असेल तर त्याची पांढरी कड लगेच उघडी पडते. सोनेरी वर्खाचे, हजार-दीड हजारांचे सजावटी कॅट कपाटात शोभतात. पाहुण्यांना ते बघून आणखी संशय येतो.

गणपतीहून येताना सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा पाहिला. १२० गोल पत्ते, लाखेचं रंगकाम. गोल पत्त्याला कोपरा नाही, त्यामुळे माझ्या निम्म्या पकडी तिथे बाद. एखादा संच परवडला तर खुणेच्या पत्त्याचा प्रयोग त्यावर बसवायचा विचार आहे.

लाल कॅट आता सरावाला लागला आहे, कडा मळल्यात. निळा अजून बैठकीत चालतो. पुढच्या वेळी दोन्ही निळेच घेणार, आणि मार्चात नाही, पाऊस सरल्यावर.