काठी म्हणून दोन स्टार, स्टूल म्हणून पाच

आधी वस्तू काय ते सांगते, कारण फोटो बघून अर्धे लोक कॅमेऱ्याचा स्टँड समजतात. ॲल्युमिनियमची काठी आहे, मधे ताटलीएवढी गोल प्लास्टिकची बैठक, आणि उघडली की खाली तीन पाय फाकतात आणि स्टूल तयार. ठाणे स्टेशनजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतली, लेबलवर १,४५० होते, १,२०० ला दिली. घरी किचनच्या काट्यावर वजन केलं, ८६० ग्रॅम भरली. घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते, पण आता तिच्यासोबत एकटीने व्हिएन्ना, प्राग, पॅरिस असे १६ दिवस फिरून आलेय त्यामुळे खरं काय ते सांगते.

माझं थोडं सांगावं लागेल नाहीतर एवढ्याशा काठीचं काय कौतुक असं वाटेल. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे पाठीच्या कण्याचे सांधे सुजून आखडणारा संधिवात, १७ वर्षं झाली. या दुखण्याची गंमत अशी की आराम केला की वाढतं आणि हालचाल केली की सुटतं, म्हणजे सकाळी उठल्यावर तासभर मी लाकडाची असते आणि अकरा वाजता तुम्ही मला गोखले रोडवर बघितलंत तर म्हणाल हिला काय धाड भरलीये. मला चालता येतं. हळू, पण येतं. उभं राहता येत नाही. दहा मिनिटं एका जागी उभी राहिले की कंबरेखाली कोणीतरी पाना लावून नट आवळायला घेतो. आणि तासभर सलग बसले तर उठताना परत तेच. आता सगळ्या सोयी असतात दोनच प्रकारच्या लोकांसाठी, एक चालणारे आणि दुसरे व्हीलचेअरवाले. आम्ही मधले. दिव्यांगांच्या डब्यात चढले की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवेपर्यंत सगळे माझ्या पायांकडे बघत असतात.

तर ट्रिपचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, एकटी? आणि ती पाठ घेऊन? म्हटलं मग पाठ काय तुझ्याकडे ठेवून जाऊ? दादाचं म्हणणं ग्रुप टूरने जा, सगळं आयतं मिळतं, जेवायला पोळीभाजी. अरे पण ग्रुप टूर म्हणजे साडेसहाला बॅगा रूमबाहेर, सातला नाश्ता, पावणेआठला बस हलली. साडेसहाला मी पलंगाच्या कडेला बसून मोजे कसे घालायचे याचा विचार करत असते. ३५ लोकांना माझ्या मोज्यांसाठी थांबवण्यापेक्षा एकटी बरी.

काठीची ट्रायल इथेच घेतली. पहिल्यांदा तलावपाळीला, मग मामलेदारच्या मिसळीच्या रांगेत, तिथे उघडून बसले तर मागचे आजोबा म्हणाले, ताई, कुठे मिळाली हो? बसायची एक पद्धत आहे जी दुकानदाराने सांगितली नाही, ही माझी पहिली तक्रार. मूठ आपल्या पुढे, दोन पायांच्या मधे येते, सायकलवर बसल्यासारखं बसायचं आणि हात मुठीवर. बहुतेक लोक मूठ पाठीमागे घेऊन खुर्चीसारखे टेकायला जातात आणि मागे कलंडतात, मीही कलंडले, नशीब की घरातच. साडीत हे जमणार नाही, पँट किंवा पंजाबी ड्रेसच हवा.

विमानाचं थोडक्यात. व्हीलचेअर मागताना तीन प्रकार असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांबचं चालवत नाही पण जिने चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही नाहीत, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. माझ्यासारख्यांनी पहिला मागायचा. युरोपात या मदतीसाठी २००६ चा ११०७ नंबरचा नियम आहे, मदत विमानतळाने फुकट द्यायची, तुम्ही फक्त ४८ तास आधी कळवायचं, आणि काठीसारख्या वस्तूचे पैसे कोणी लावू शकत नाही. मुंबईत सिक्युरिटीला काठी उघडून दाखवावी लागली, जवानाने बैठक हाताने दाबून बघितली आणि म्हणाला, बढिया है. विमानात वरच्या कप्प्यात आडवी बसते, बॅगेत मात्र मावत नाही.

जाताना मधे आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे आम्हा सात-आठ जणांना व्हीलचेअरसकट भिंतीला ओळीने लावून माणूस जो गेला तो गेला, पावणेदोन तास. जाताना बोट दाखवून सांगून गेला, नो वॉकिंग. अहो, पण मला चालायलाच हवं ना! शेवटी उठले आणि समोर फेऱ्या मारायला लागले तर शेजारच्या बाई अशा बघायला लागल्या की देवीचा अंगारा लावल्यावर लंगडा उठून चालतो ना तसं काहीतरी घडलंय. मग माझी काठी उघडून खिडकीजवळ बसले, वाटेल तेव्हा उठले, वाटेल तेव्हा बसले. १,२०० पैकी हजार तिथेच वसूल.

व्हिएन्नात गंमत म्हणजे ती फारशी लागलीच नाही. तिथल्या यू-बानला, म्हणजे मेट्रोला, सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, आणि बऱ्याच ट्रॅम इतक्या खाली असतात की फुटपाथवरून घरातल्या उंबऱ्यासारखा पाय आत. काही जुन्या ट्रॅमला मी गेले तेव्हा पायऱ्या होत्या पण स्टॉपवरच्या बोर्डावर येणाऱ्या ट्रॅमपुढे व्हीलचेअरचं चिन्ह असेल तर ती खालच्या फ्लोअरची, नसेल तर पुढचीची वाट बघायची, एवढं साधं. दर थोड्या अंतरावर बाक. चार दिवस मी काठी नुसती वागवली आणि इथे तिचा पहिला दोष कळला: चालायला ती वाईट आहे. जड आहे, सगळं वजन मधे बैठकीपाशी, त्यामुळे पाऊल टाकताना लोलकासारखी झुलते, संध्याकाळपर्यंत मनगट दुखायला लागलं, म्हणजे कंबरेसाठी औषध घ्यायचं आणि हाताला लावायचं. ही बसायची वस्तू आहे जी वाटेत काठी असल्याचं नाटक करते, उलट नाही.

व्हिएन्ना ते प्राग रेल्वेने साधारण चार तास. मला रेल्वे विमानापेक्षा कितीतरी बरी, दर ४० मिनिटांनी उठून डब्यात टोकापासून टोकापर्यंत जाऊन यायचं, कोणी बेल्ट लावा म्हणत नाही. चढण्या-उतरण्याला मदत हवी असेल तर आधी नोंदवायची, युरोपियन युनियनच्या रेल्वेच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुदत आहे. मी बॅगेसाठी नोंदवली होती आणि बाई वेळेवर हजर होत्या.

आणि मग प्राग. प्राग सुंदर आहे हे सगळे सांगतात, प्रागची जमीन कशी आहे हे कोणी सांगत नाही. जुन्या भागात सगळा दगड. फुटपाथला बारीक चौकोनी दगडांची नक्षी आणि गल्ल्यांमधे ते गोल डोक्याचे मोठे दगड, त्याला चेक लोक मांजरांची डोकी म्हणतात, कोचिची ह्लावी. प्रत्येक पावलाला वेगळा कोन आणि तो प्रत्येक कोन माझ्या कंबरेला वेगवेगळा कळतो. दुसऱ्या दिवशी काठीचं टोक दोन दगडांच्या फटीत अडकलं, मी ओढलं, काठी वर आली आणि खालचं रबरी बूच तिथेच राहिलं. वाकून काढायचं म्हणजे मला जमिनीवर जाण्याचा पूर्ण कार्यक्रम करावा लागतो. तो केला. बूच निघालं पण फाटून. आता बूच नसलेली ॲल्युमिनियमची नळी दगडावर म्हणजे आवाज असा की चार लोक वळून बघतात आणि घसरते ती वेगळीच. मेडिकल वस्तूंचं दुकान शोधलं, त्या बाईंना इंग्रजी जेमतेम, मी फाटलेलं बूच काउंटरवर ठेवलं, त्यांनी मापाची पट्टी आणली, १९ मिलीमीटर, ड्रॉवर उघडला, दोन मिनिटांत काम. जरासं सैल होतं म्हणून माझ्याकडची चिकटपट्टी एक वेढा गुंडाळून बसवलं. ते अजून टिकलंय, मूळचं १२ दिवसांत गेलं, यावरून काय ते समजा.

पण स्टूल म्हणून प्रागमधेच तिने मला जिंकलं. जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे, सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला वरच्या खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि त्यासाठी लोक अर्धा-अर्धा तास आधी मान वर करून उभे. मी २० मिनिटं आधी गेले, खांबाशी काठी उघडली आणि चक्क बसले. चार्ल्स ब्रिजवर पण तसंच. तो ५१६ मीटर आहे, मला एका दमात होत नाही, मी चार टप्पे केले, प्रत्येक वेळी कठड्याजवळ पुतळ्याच्या पायाशी बसायचं. बाकीचे पुलावरून गेले, मी पुलावर राहिले असं म्हणा, नदीवरचे बगळ्यासारखे कुठलेसे पक्षी, व्हायोलिनवाला, सगळं बघून झालं. जुन्या टाउन हॉलच्या टॉवरला लिफ्ट आहे बरं का, तिथे हौस भागते. नामेस्ती मिरू मेट्रो स्टेशनचा सरकता जिना मात्र ८७ मीटर लांब आहे आणि त्यावर दोन मिनिटांहून जास्त उभं राहावं लागतं, शिवाय सरकत्या जिन्यावर स्टूल उघडायचं नसतं, हे मी स्वतःला दोनदा बजावलं.

पॅरिसला मेट्रोच्या नादी लागू नका. पहिली लाइन १९०० ची, पायऱ्या आणि लांबच लांब बोगदे, पूर्ण सोयीची म्हणावी अशी १४ नंबरची लाइन. मी सगळीकडे बसने गेले, बस खाली झुकते, रॅम्प निघतो, आणि शहर दिसतं ते वेगळंच. लूव्र म्युझियममधे दिव्यांगांना आणि सोबतच्या एकाला तिकीट नाही, माझं यूडीआयडी कार्ड बघून आत सोडलं. व्हीलचेअर आणि घडीचं स्टूलसुद्धा तिथे फुकट वापरायला मिळतं, म्हणजे तेवढ्यासाठी माझी काठी नसती तरी चाललं असतं. दारावरच्या माणसाने ती बघून लगेच नाव घेतलं, कान-सिएज. कान म्हणजे काठी, सिएज म्हणजे बैठक. फ्रेंचमधे हिला स्वतंत्र शब्द आहे आणि आपल्याकडे सर्जिकलवाल्याच्या बिलावर "स्टिक चेअर टाइप" असं लिहिलंय.

एक गोष्ट काठीची नाही पण कामाची. माझी या दुखण्यावरच्या ॲडालिमुमॅब औषधाची सुई दर १४ दिवसांनी असते आणि ती फ्रिजमधे ठेवावी लागते, ते लटांबर नको म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घेतली. हिशोब छान होता पण ट्रिप १६ दिवसांची. शेवटचे दोन दिवस जे काही झालं ते पॅरिसच्या हॉटेलच्या छताकडे बघत झालं, आयफेल टॉवर टॅक्सीतून बघितला. पुढच्या वेळी १२ दिवसच. इन्शुरन्सचं पण बघून घ्या, व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतंच पण जुन्या आजाराचं काय ते बारीक अक्षरात असतं, मी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र आणि गोळ्या मूळ पाकिटात, दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवले होते.

परत आल्यावर दुकानात बूच दाखवायला गेले तर काका म्हणाले, ताई, तुम्ही ती जास्त वापरली. म्हटलं काका, काठी आहे, शोकेसमधे ठेवू का? सुटी बुचं ठेवता का विचारलं तर नाही म्हणाले, नवीन काठीच घ्या. याबद्दल एक स्टार कमी.

ज्यांना घ्यायचीये त्यांनी दुकानात बसून बघा, मूठ पुढे घेऊन. मांडी भरलेली असेल तर बैठक रुतते, अर्ध्या तासाच्या वर कोणालाच सोसणार नाही. उंची बदलता येत नाही, मी पाच फूट दोन आहे, मला बरोबर होते, माझ्या सहा फुटी भावाचे गुडघे छातीला लागले. आणि १९ एमएमची दोन बुचं आधीच कुठूनतरी मिळवून बॅगेत टाका. माझी सध्या आईकडे आहे, ती घंटाळीला जाताना नेते, साडीवर आडवी बसते, किती वेळा सांगितलं तरी ऐकत नाही.