इंक रोलर झिजले: जुन्या शाफ्टवर रबर भरून घ्यावं की तयार सेट आणावा?

सांगली-मिरजेतले ओळखीचे प्रेसवाले पावसाळ्याच्या तोंडावर हटकून हा विषय काढतात. लग्नसराईत मशीन रगडून निघालेलं असतं, रोलर चकाकायला लागलेले असतात, आणि गणपती-दिवाळीची कामं सुरू व्हायच्या आत काहीतरी करायचं असतं. जुन्या शाफ्टवर रबर भरून घ्यावं, की सरळ तयार सेट मागवावा? माझ्याकडे जुनी एकरंगी जीटीओ, म्हणजे हायडेलबर्गचं छोटं ऑफसेट मशीन आहे आणि या दोन्ही वाटा मी वापरल्या आहेत. मात्र मी लिहितोय ते एका मशीनवरून आणि एका प्रकारच्या कामावरून: पत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं. चाररंगी मोठ्या मशीनचं गणित थोडं वेगळं असू शकतं.

ग्राइंडिंगचं, म्हणजे जुनंच रबर वरून घासून घेण्याचं, आधी उरकतो, कारण स्वस्त म्हणून मन पहिलं तिकडेच जातं. वरचा चकाकणारा थर काढला की रोलर आठवडाभर नव्यासारखा वागतो. पण रबर वरच्या वर कडक होत नाही, आतही बऱ्यापैकी कडक झालेलं असतं. नवा फॉर्म रोलर, म्हणजे प्लेटला शाई लावणारा रोलर, शोअर ए या रबराच्या कडकपणाच्या मापावर साधारण 25 ते 35 असतो. वापरात तो दहा-पंधरा पॉइंटांनी चढला, की घासून त्याचा मऊपणा परत येत नाही, व्यास तेवढा कमी होतो. मग सेटिंगचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही रोलर प्लेटला नीट टेकत नाही. रोलर तसा मऊ असेल आणि एखादी चीर किंवा खड्डा पडला असेल, तर ग्राइंडिंग जरूर करावं. एरवी तो खर्च मला वाया वाटतो.

तयार सेटची बाजू भक्कम आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मशीन उभं राहत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पार्सल येईपर्यंत जुन्या रोलरवर कसंबसं छापत राहायचं, आलं की जुने काढून नवे घालायचे, आणि दुपारी काम परत चालू. शाफ्ट नवा, गंज नाही, वाकलेला असण्याची भीती नाही. रबरही सहसा एकसारखं येतं. मी आणलेल्या सेटच्या रबराबद्दल माझी आजही तक्रार नाही. शाई छान उचलत होतं, धुवायलाही सोपं होतं.

तक्रार होती ती शाफ्टच्या टोकांची, आणि माझा निर्णय तिनेच केला. बेअरिंग जिथे बसतं ती जागा केसभर बारीक होती. मूळ शाफ्टवर बेअरिंग चढवायला लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोकावं लागतं. इथे ते बोटाने सरकवलं तरी आत जात होतं. सकाळी पट्टी बघावी तर सुरेख. प्लेटवर रोलर क्षणभर टेकवून उचलले की चारी फॉर्म रोलरच्या शाईच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटरच्या आसपास, एकसारख्या. मशीनमन खूश, मीही खूश. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासावं तर एका रोलरची पट्टी डाव्या अंगाला जाड आणि उजवीकडे दोरा झालेली.

बिलबुकात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. बेदाण्याच्या लेबलावर मात्र हिरव्या रंगाचं मोठं सॉलिड, म्हणजे सलग भरलेला रंग असतो, त्यात लगेच आडवे पट्टे दिसतात. रोलर प्लेटच्या कडेवर आला की बेअरिंगमधल्या त्या ढिलाईमुळे किंचित उसळतो, आणि तो धक्का शाईत उमटतो. पितळेचा पातळ पत्रा घालून पाहिला, बेअरिंग चिकटवायचं द्रव्यही वापरलं. चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. दिवसातून दोनदा सेटिंग करायचं आणि तासगावच्या व्यापाऱ्याला प्रत्येक वेळी ‘थोडा शेड फरक आहे’ म्हणून समजावत बसायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला. पुरवठादाराचं म्हणणं होतं, हेच शाफ्ट सगळीकडे चालतात. चालत असतीलही. पत्रिका आणि बिलबुकं एवढंच ज्याचं काम आहे, त्याला बहुधा कधीच जाणवणार नाही. मशीनच्या मूळ कंपनीचा सेट घेतला तर हा त्रास होऊ नये, पण जुन्या एकरंगी मशीनवर तेवढे पैसे घालणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी मूळ शाफ्टवर परत आलो. ते मशीनबरोबर आलेले, टोकं अजून मापात, बेअरिंग ठोकूनच बसतं. त्यावर रबर भरून घेतल्यापासून सकाळचं सेटिंग संध्याकाळपर्यंत हलत नाही. मला एवढंच हवं होतं. खर्चही तयार सेटच्या निम्म्याच्या आत बसला, पण तो कमी झाला म्हणून मी हे निवडलं असं नाही.

भरून घेण्यात धोके नाहीत असं अजिबात नाही. कोल्हापूर-इचलकरंजीकडे रोलर भरणारे मिळतात, पण त्यांतल्या काहींचा हात सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या मशीनच्या, रोलरवर बसलेला असतो. तो रोलर सूत पिळायचा, त्याचं रबर कडक. छपाईला त्यापेक्षा कितीतरी मऊ रबर लागतं आणि ते घासून गुळगुळीत करणं जास्त अवघड असतं. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की छपाईचं नायट्राइल, म्हणजे तेलात न फुगणारं रबर, ठेवता का आणि कोणत्या शोअरला देणार. साध्या, तेलाच्या शाईला नायट्राइलच हवं. यूव्ही शाईसाठी, म्हणजे अतिनील दिव्याखाली सुकणाऱ्या शाईसाठी, ईपीडीएम नावाचं रबर वापरतात; ते तेलाच्या शाईत फुगतं. तुम्ही कोणती शाई वापरता हे न विचारताच कोणी रोलर घेऊन ठेवत असेल, तर मी तरी तिथे काम देणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनं रबर पूर्ण काढणं. लेथवर जुनं रबर उतरवायचं, उघडा शाफ्ट सँडब्लास्ट करायचा, त्यावर चिकटद्रव्य लावायचं, मग कच्च्या रबराच्या पट्ट्या गुंडाळून वरून कापडी फीत घट्ट आवळायची आणि वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये शिजवायचं. शेवटी ग्राइंडिंग. यात वेळ वाचवायला काही जण जुन्या रबराचा पातळ थर तसाच ठेवतात आणि त्यावर नवं चढवतात. दिसायला काही फरक नसतो, पण काही महिन्यांनी टोकाकडून रबर सुटायला लागतं. म्हणून शक्य असेल तर उघडा शाफ्ट बघायला जावं, निदान फोटो मागावा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

रोलर परत आले की टोकं बघायची. प्लेटवरची पट्टी दोन्ही कडांना जाड आणि मधे बारीक, डमरूसारखी आली, तर टोकांचं ग्राइंडिंग कच्चं राहिलंय. असा रोलर ठेवून घेऊ नये. सेटिंगने ते सुधारत नाही.

मशीन उभं राहण्याचा प्रश्न उरतोच, आणि भरून घेण्यातली खरी अडचण ही आहे. माझ्यापुरता मी तो मूळ शाफ्टचा दुसरा सेट जमवून सोडवला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, पेठेतल्या कितीतरी दुकानांत पाणी शिरलं, आणि त्यानंतर बुडालेली मशीन भंगारात निघाली. त्यांतल्या एका जीटीओचे शाफ्ट मी घेतले. पुरातला शाफ्ट घेताना एकच बघायचं: गंजाचे खड्डे रबराखालच्या भागात असतील तर सँडब्लास्टमध्ये निभावतं, बेअरिंगच्या जागेवर असतील तर तो शाफ्ट भंगारातच राहू द्यावा. वेल्ड भरून, टर्निंग करून ती जागा परत करता येते, पण मग ज्या मापासाठी मूळ शाफ्ट शोधला, त्या मापाचाच भरवसा राहत नाही. आता एक सेट मशीनवर, एक भरायला, असं चक्र चालतं आणि छपाई थांबत नाही.

दुसरे शाफ्ट मिळत नसतील आणि कारखान्याच्या वार्षिक सभेचा अहवाल सप्टेंबरच्या आत द्यायचा असेल, तर तयार सेटच घ्यावा, मला त्यात चूक वाटत नाही. फक्त पैसे द्यायच्या आधी आपलं बेअरिंग त्या शाफ्टवर घालून बघावं. हाताने सरकलं तर परत करावं.

नंबरिंग आणि परफोरेशनसाठी ट्रेडल, म्हणजे टाइपावर छापायचं जुनं मशीन, ठेवली असेल आणि तिच्यावर अधूनमधून शाईचं कामही होत असेल, तर तिथे पर्याय मला एकच दिसतो. सरस आणि काकवीच्या ओतीव रोलरचा काळ गेला. ते उन्हाळ्यात मऊ पडून बसायचे. आता रबरच, आणि त्याचा व्यास रोलरच्या चाकाइतकाच असावा लागतो, नाहीतर टाइपाच्या कडेला शाई फासली जाते. हे माप आपल्या हातचं राहतं ते भरून घेण्यातच.

रोलर कोणत्याही मार्गाने आले तरी आयुष्य धुण्यावर आहे. थिनरने धुवू नका, त्याने नायट्राइल फुगतं. बोअरच्या जड पाण्यातला आणि आर्टपेपरच्या थरातला चुना रोलरवर साचतो आणि तो रॉकेलने निघत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा कॅल्शियम काढायचं द्रव्य लावून साध्या पाण्याने पुसून घ्यावं.

भरायला पाठवताना प्रत्येक शाफ्टला जागेची चिठ्ठी बांधा, व्यास सारखे नसतात. बेअरिंगच्या जागेवर चिकटपट्टी जाड गुंडाळा, म्हणजे सँडब्लास्टची वाळू तिथे लागणार नाही. आणि परत आलेले रोलर रबरावर आडवे ठेवू नका. दोन्ही टोकं टेकवून अधांतरी ठेवा, मोटारीपासून आणि उन्हापासून लांब, कागदात गुंडाळून.