वारस नोंदीला कॅमेऱ्यासमोर बसवत नाहीत

माझ्या आजोबांची कोरेगाव तालुक्यात थोडी बागायत जमीन. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, आजी त्यांच्या आधीच गेलेली. मागे तीन मुलं: मामा, आई आणि धाकटी मावशी. कायद्याने तिघांचा सारखा, म्हणजे एक तृतीयांश वाटा. आज त्या सातबाऱ्यावर मामा आणि मावशी अशी दोनच नावं चालू आहेत. आईचं नाव कंसात आहे आणि त्यावर आडवी रेघ मारलेली आहे.

आई अडाणी म्हणून फसली असं कुणी समजू नका. रोजचा पेपर ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, भिशीचा हिशेब तीच ठेवते. फसवणूक झाली ती खऱ्या कामाच्या आडून.

पहिल्यांदा मामांनी बोलावलं ते खरोखरच वारस नोंदीसाठी. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, सगळं रीतसर झालं. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर केला आणि आईचं नाव सातबाऱ्यावर चढलं. मामांनी उताऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, आईने तो चार जणींना दाखवला. विश्वास बसला तो इथे. काही महिन्यांनी पुन्हा फोन: "अगं, ऑनलाईनला तुझा अंगठा राहिलाय. नाही दिला तर नाव उडेल म्हणतोय तलाठी. आधार आणि पॅन घेऊन ये, तासाभराचं काम आहे."

तालुक्याला गेल्यावर तलाठी दिसलाच नाही. एका दस्तलेखकाच्या टपरीवजा ऑफिसात कागद आधीच तयार होते. त्याने गठ्ठा आईच्या हातात दिला नाही. आपल्याच हातात धरून प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तेवढा उचलला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली. "इथं, इथं, आणि इथं." चष्मा पिशवीत होता, पण तो काढायला वेळच मिळाला नाही, कारण "साहेब जेवायला जायच्या आत नंबर लागायला पाहिजे." मग शेजारच्या इमारतीत कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो, आणि यंत्रावर अंगठा. भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्र काही घेईना. "मावशी, पदराला पुसा आणि जरा दाबून ठेवा," असं ऑपरेटर म्हणाला, तेव्हा कुठे तो उठला. साहेबांनी विचारलं, "दस्त कबूल आहे का?" मामा शेजारून म्हणाले, "हो म्हण." ती हो म्हणाली. येताना मिसळ झाली, साडी झाली.

ते दुय्यम निबंधकाचं, म्हणजे दस्त नोंदणीचं, ऑफिस होतं आणि तो दस्त हक्कसोडपत्राचा होता.

वारस नोंद हे महसूल खात्याचं काम. अर्ज तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) किंवा ई-हक्क या ऑनलाईन प्रणालीतून जातो, नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्यात कुठेही निबंधक येत नाही, फोटो येत नाही, "दस्त कबूल आहे का" हा प्रश्न येत नाही. वारस म्हणून नाव लावायला तुम्हाला कुणी त्या कॅमेऱ्यासमोर बसवत असेल, तर तुम्ही काहीतरी देऊन टाकत आहात. दस्ताचं नाव हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र यातलं काहीही असेल. आणि क्रमही ध्यानात घ्या: आधी बहिणीचं नाव लावतात, मग सोडवून घेतात. नाव लागलं म्हणून निर्धास्त झालेल्या बहिणी याच टप्प्यावर सापडतात. 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली आणि गावोगावी मयतांच्या जागी वारसांची नावं लागली. मोहीम चांगलीच आहे, पण मला तेव्हापासून पुढच्या टप्प्याची धास्ती वाटते.

आम्हाला कळलं ते मी सहज उतारा काढला तेव्हा. फेरफार क्रमांकावरून दस्त क्रमांक मिळाला, निबंधक कार्यालयातून नक्कल काढली. "विनामोबदला, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय... यापुढे सदर मिळकतीवर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही." आईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे मी कधी म्हणाले?" फेरफाराची नोटीस निघाली होती, पण माहेरच्या पत्त्यावर, म्हणजे मामांच्याच घरी. हरकतीचे पंधरा दिवस तिथेच संपले.

मावशी वाचली ती स्वभावामुळे. तिलाही फोन गेला होता. "दादा, कागद आधी व्हॉट्सअ‍ॅपला टाक, जावई वाचून सांगतील," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिला फोन आलाच नाही. भावाकडे कागद मागायला आमच्याकडच्या बायकांना जड जातं, माहेर तुटेल वाटतं. मावशीचं माहेर तुटलं नाही, मामा अजून तिच्याकडे भाऊबीजेला जातात.

जाब विचारल्यावर मामांनी जे सांगितलं ते तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल. लग्नात खर्च केला. लग्न 2005 च्या आधी झालं, त्यामुळे वाटा बसत नाही. म्हातारपणी मीच बघितलं. यातल्या शेवटच्या मुद्द्याला माणूस म्हणून मी मान देतो, त्यांनी खरंच केलं. पण वाट्याच्या हिशेबात लग्नाचा खर्च धरत नाहीत. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, झाली. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. मुलीचं लग्न कधी झालं हे त्यात बघत नाहीत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री मात्र त्यामुळे उलटत नाही.

वाटा द्यायचा नव्हता तर आजोबांना मृत्युपत्र करता आलं असतं, आणि मामांनी ते करवून घेतलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि करणारा हयात असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवलं की एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांना 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 चा आधार आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून ती रद्द करून घेता येते. आईच्या दस्तात तसली अटच नाही, त्यामुळे ती वाट आम्हाला बंद.

नोंदणीकृत दस्त तलाठी, तहसीलदार किंवा निबंधक रद्द करू शकत नाहीत. त्यांच्याकडे खेटे घालण्यात आमचा बराच वेळ गेला आणि प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं. दस्त रद्द करायचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. आम्ही फसवणुकीच्या मुद्द्यावर दावा लावलाय, सोबत वाटप मागितलंय, आणि तिऱ्हाइताला विक्री होऊ नये म्हणून मनाईचा अर्ज दिलाय. मावशीचं नाव शिल्लक असल्यामुळे पूर्ण जमीन मामांना एकट्याने विकताही येत नाही, हा आमचा मोठा आधार.

तुमच्या घरात असं झालं असेल तर मुदतीकडे आधी बघा. असा दस्त रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. कधी कळलं हे समोरचा वकील हमखास विचारतो, म्हणून उतारा काढल्याची तारीख, नकलेच्या अर्जाची पोच, भावाला पाठवलेला पहिला मेसेज हे सगळं जपून ठेवा. आमच्या वकिलांनी पहिल्या भेटीत जमिनीचं क्षेत्रसुद्धा विचारलं नाही, आधी ही पोच मागितली.