झिर्कोनियाचं मॉडेलिंग: डीएफटी, एमडी, फेज-फील्ड की एफईएम?

झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड, एक सिरॅमिक) संगणकावर अभ्यासण्याची पद्धत निवडताना बहुतेक जण आधी आकार बघतात: अणू, दाणे (पदार्थातले बारीक स्फटिक) की अख्खा तुकडा. गाडी अडते ती मात्र वेळेवर.

८ मोल टक्के इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियात ऑक्सिजनची रिकामी जागा हलते, तेच उदाहरण घ्या. उडीसाठी ओलांडायचा ऊर्जेचा अडथळा ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि सेकंदाला दहा लाख कोटी कंपनं धरली, तर १५०० केल्विनला एक उडी सुमारे ०.१ नॅनोसेकंदात होते, १००० केल्विनला साडेतीन नॅनोसेकंदांत, आणि खोलीच्या तापमानाला दोनेक मिनिटांत. एमडीचं (मॉलिक्युलर डायनॅमिक्स: अणूंची हालचाल पावलापावलानं मोजणारी पद्धत) एक पाऊल १ फेम्टोसेकंदाचं, म्हणजे १ नॅनोसेकंदाला दहा लाख पावलं. त्यामुळे आयनवहन एमडीत चढ्या तापमानालाच मोजतात. तिथला वाहकतेचा आलेख तसाच सरळ कमी तापमानाकडे ओढला, की कमी तापमानाची वाहकता फुगून येते, कारण तिथे रिकाम्या जागा इट्रियमसोबत अडकून बसतात. झिर्कोनियमचे अणू तर इतके मंद, की एमडीत सिंटरिंगची (भाजताना कण जुळून घट्ट होण्याची) सुरुवात दिसली तरी पुष्कळ. बकिंगहॅम पोटेन्शियल (अणूंमधल्या बलाचं एक तयार सूत्र) वापरत असाल तर जवळच्या अंतरावर तिरस्करणाची जोड द्याच. नाहीतर तापमान चढल्यावर दोन अणू एकमेकांत कोसळतात आणि लॅम्प्स हे एमडीचं सॉफ्टवेअर ‘अणू हरवले’ म्हणून थांबतं.

डीएफटीत (घनता-फलन सिद्धांत: बलं थेट इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम गणितातून काढणारी पद्धत) अशा पोटेन्शियलची भानगड नाही, पण जागा तोकडी. नेहमीच्या २×२×२ पेशीत (स्फटिकाचा मूळ ठोकळा तिन्ही दिशांना दोनदा मांडून) ९६ अणू, त्यांपैकी ३२ धन आयन. दोन इट्रियममागे एक ऑक्सिजन काढायचा, म्हणून इट्रियम सम संख्येतच. चार घातले तर ६.७ मोल टक्के, सहा घातले तर १०.३. बरोबर ८ येतच नाहीत! शिवाय शुद्ध घनाकृती झिर्कोनिया शून्य केल्विनला स्थिर नसतो. शिथिलीकरणात (अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी सरकवताना) ऑक्सिजन सरकून चतुष्कोनी रचना झाली आणि लक्षात आलं नाही, तर अडथळ्याचा आकडा भलत्याच रचनेचा निघतो. पेशी दुप्पट केली की वेळ साधारण आठपट.

वाहकताच हवी असेल, तर डीएफटीतून आजूबाजूच्या अणूंनुसार बदलणारे उडीचे अडथळे काढून कायनेटिक मॉन्टे कार्लोत (फक्त उड्या संभाव्यतेनं मोजणाऱ्या पद्धतीत) घालणं हा मार्ग आम्हाला नुसत्या एमडीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

दाण्यांच्या वाढीसाठी फेज-फील्ड, म्हणजे अणू न धरता दाण्यांच्या सीमांची हालचाल जाळ्यावर सोडवणारी पद्धत. दाण्यांची खरी सीमा नॅनोमीटरभर. जाळ्यात ती पाच-सहा बिंदूंवर पसरावी लागते, म्हणून मुद्दाम रुंद करतात. ती लहान दाण्यांच्या आकाराजवळ गेली की असे दाणे वेळेआधी विरतात. सीमेची गतिशीलता मोजलेल्या दाणेवाढीवरून घ्या, शुद्ध झिर्कोनियाच्या एमडीतून नको. सीमेवर जमलेलं इट्रियम तिला मागे खेचतं.

आणि प्रश्न ‘भट्टीतून प्लेट वाकडी का येते’ असा असेल, तर अणूंच्या वाटेला जाऊच नका. एफईएम (तुकड्याचे छोटे भाग पाडून ताण व आकार काढणारी पद्धत) आणि डायलॅटोमीटर (तापवताना लांबीतला बदल मोजणारं यंत्र) पुरेत. भाजण्याआधीची (कच्ची) सापेक्ष घनता ५५ टक्के असताना ९८ टक्क्यांपर्यंत भाजलं, तर प्रत्येक बाजू १७.५ टक्के आकसते; ५७ असताना १६.५. म्हणजे १०० मिलिमीटरच्या दोन कडांत १ मिलिमीटरचा फरक. साच्याच्या भिंतीशी घर्षण झालं की दाबताना अशी तफावत सहज पडते. मॉडेलला सगळीकडे सारखी घनता दिली, तर पडद्यावर प्लेट जवळपास सरळच राहते. म्हणून कच्चा तुकडा कापून भागाभागाची घनता आधी मोजा. आकसण्याच्या नोंदी निदान तीन तापवेगांवर घ्या, आणि प्लेटचं वजन व खालच्या पट्टीशी होणारं घर्षण सीमा-अटींत धरा.